बालाथलचा माणूस

अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान असलं की मैनासुंदरीची गोष्ट होतेच. बापानं रागाच्या भरात तिचं लग्न कुष्ठरोगी श्रीपालाशी लावून दिलं. तिनं सेवा केली, विधान केलं, गंधोदकानं तो बरा झाला, त्याच्याबरोबरचे सातशे रोगीही बरे झाले. ते सातशे जण घरदार सोडून एकत्र का फिरत होते, हे आम्ही बायकांनी कधी विचारलं नाही.

केशरियाजीच्या यात्रेला गेलो तेव्हा उदयपूरला मुक्काम होता. तिथून चाळीसेक किलोमीटरवर बालाथल म्हणून गाव आहे, हे मला घरी परतल्यावर वाचनात कळलं. चुटपुट लागून राहिली. 1990 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वी. एन. मिश्र यांच्या देखरेखीखाली तिथं खोदकाम झालं. ताम्रपाषाणयुगातली वस्ती, गहू-जव पिकवणारी, गुरं पाळणारी माणसं. त्यात एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. ग्वेन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी तो तपासून 2009 मध्ये जाहीर केलं, की याला महारोग होता. त्याआधी अशा खुणांचे जे सांगाडे ठाऊक होते, ते याच्याहून दीड-एक हजार वर्षं अलीकडचे.

हाडावरून रोग कसा कळतो? महारोग तसा कातडीचा नि नसांचा, पण मुरला की हाडात उतरतो. कवटीत नाकाच्या भोकाच्या कडा झिजून गुळगुळीत होतात, त्याखालचं बारीक टोक नाहीसं होतं, वरच्या पुढच्या दातांभोवतीचं हाड विरत जातं. मेल्यावर दात गळाला तर खोबण तशीच राहते, जिवंतपणी पडला तर ती भरून येते. या माणसाचे काही दात हयातीतच पडले होते. (जनावरांचंही असंच असतं. जन्मभर ओढकाम केलेल्या बैलाच्या पायाचे सांधे वाढलेले दिसतात. मुकं जनावर, पण हाड बोलतं.)

मी अडकले ती एका साध्या गोष्टीपाशी. हाड इतकं झिजायला वर्षं जावी लागतात. म्हणजे रोग घेऊन तो वर्षानुवर्षं जगला. कुणी तरी त्याला भाकरी मऊ करून दिली असणार. पुरावा नाही, पण स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईला हे सुचणारच. त्याला पुरलं होतं ते दगडी आवारात, गोवऱ्यांच्या राखेच्या थरांत. आपल्याकडे पुढच्या काळात लहान मुलं, संन्यासी आणि महारोगी यांना न जाळता पुरायची चाल बऱ्याच ठिकाणी होती. मग ती राख मान होता की धाक? अभ्यासकांनीही छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

आमच्या वाड्यात मागच्या सोप्यात आज्जीची थोरली जाऊ राहायची. ताट वेगळं, तांब्या वेगळा. आम्हा पोरांना तिकडं जायची बंदी. आज्जी मात्र रोज दोन्ही वेळा स्वतः वाढून यायची, दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायची नाही. आता हा रोग सहा महिने-वर्षभराच्या गोळ्यांनी पुरता बरा होतो. तिच्या वाट्याला त्या आल्या नाहीत.

बालाथलचं वाचलं त्या रात्री मी आईला विचारलं, “थोरल्या आज्जीला अग्नी दिला होता की पुरलं होतं?”

आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बायका कुठं जात होत्या गं मसणात? घरी आल्यावर पुरुषांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.”