शीतल प्रकाशाचें रसायन

कुडाळजवळील पिंगुळी हें गांव ठाकर समाजानें जतन केलेल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळासाठीं प्रसिद्ध आहे. पडद्यामागें दिवा तेवतो आणि रामायणांतील पात्रें छायारूपानें वावरूं लागतात. तेल, वात आणि हवा यांवांचून दिवा नाहीं. आणि ज्योत म्हटली कीं उष्णता आलीच. परंतु तेथून पश्चिमेस समुद्रकिनारीं उतरलें, तर एखाद्या काळोख्या रात्रीं फुटणाऱ्या लाटेवर निळसर उजेड खेळतांना दिसतो. तो बहुधा नॉक्टिल्युका नांवाच्या एकपेशीय जीवाचा असतो. त्या पाण्यांत हात घातला तरी भाजत नाहीं. मग हा दिवा जळतो तरी कशावर?

या प्रश्नाचा पहिला धागा १६६७ सालीं रॉबर्ट बॉइल याच्या हातीं लागला. कुजून चमकणारें लांकूड त्यानें कांचेच्या पात्रांत ठेवून हवा काढून घेतली, उजेड मावळला. हवा आंत सोडतांच तो परतला. १८८५ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्यूब्वा यानें प्रकाशमान किड्याच्या इंद्रियांचे दोन अर्क काढले, एक थंड पाण्यांत व दुसरा ऊन पाण्यांत. दोन्ही विझलेले अर्क एकत्र करतांच उजेड पडला! यांतील तेलाच्या जागीं असलेलें द्रव्य ल्युसिफेरिन, आणि वातीचें काम करणारा, उष्णतेनें नष्ट होणारा पदार्थ ल्युसिफेरेज. त्याच्या साहाय्यानें ल्युसिफेरिन प्राणवायूशीं संयोग पावतें, आणि मोकळी झालेली शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते.

समुद्री कृमींची कथा याहून रम्य आहे. बर्म्यूडाजवळ पौर्णिमेनंतरच्या कांहीं रात्रीं, सूर्यास्तानंतर सुमारें तासाभरानें, ओडोंटोसिलिस कृमीची मादी हिरवा उजेड सांडीत पाण्यावर गिरक्या घेते व नर तिच्याकडे धांवतात. ११ ऑक्टोबर १४९२ च्या रात्रीं कोलंबसास भूमि दिसण्यापूर्वीं मेणबत्तीसारखा एक उजेड दिसला होता. तो याच कृमींचा असावा, असा तर्क क्रॉशे यानें १९३५ सालीं मांडला. तो सर्वमान्य झाला नाहीं.

या कृमीच्या ल्युसिफेरेजची घडण २०१८ सालीं उलगडली, आणि ती इतर कोणत्याहि ज्ञात ल्युसिफेरेजशीं जुळेना. पुढील वर्षीं त्याच्या गंधकयुक्त ल्युसिफेरिनची रचनाहि कळली. म्हणजे तेल निराळें, वातहि निराळी. मात्र दिव्याचें तत्त्व एकच. निसर्गानें हा शीतल दिवा एकदांच नव्हे, अनेकदां स्वतंत्रपणें उजळला आहे.