दिवसाची सौर वीज रात्री पुरणार कशी? वीज साठवणुकीचे नियम, धोरण आणि आपला जिल्हा

जालना : रात्री दारं धरायला जावं लागू नये, ही जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी. त्यावर सरकारने आणलेला उपाय म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. २०२३ साली ७ हजार मेगावॅटचं उद्दिष्ट घेऊन सुरू झालेली ही योजना पुढे १६ हजार मेगावॅटवर नेण्यात आली. गावाजवळच्या उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा लाइट द्यायची, असं तिचं साधं गणित.

पण दिवस मावळल्यावर काय? दुपारी वीज जास्त होते आणि दिवेलागणीला, घरोघरी मागणी वाढते तेव्हा सौर प्रकल्प बंद पडलेला असतो. काढणीला सोयाबीनचा भाव पडतो आणि नंतर चढतो, तसंच हे. ज्याच्याकडे साठवायला जागा, त्याचा फायदा. म्हणून आता वीज साठवणुकीवर सरकारचा जोर आहे.

नियम काय सांगतात?

महाराष्ट्रात मुख्य आधार आहे तो केंद्राचा वीज कायदा २००३ आणि त्याखालचे नियम. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने साठवण प्रकल्पाला वीज यंत्रणेचा भाग म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी जुलै २०२२ मध्ये केंद्राने साठवणुकीचं बंधन ठरवलं. २०२३-२४ मध्ये एकूण वापराच्या १ टक्का वीज साठवणुकीतून यावी आणि २०२९-३० पर्यंत हे प्रमाण ४ टक्क्यांवर जावं, असं ते बंधन आहे. साठवलेल्या विजेतली किमान ८५ टक्के वीज सौर, पवन अशा अपारंपरिक स्रोतांची हवी. राज्य सरकारने २०२३ मध्ये उदंचन जलविद्युत प्रकल्पांचं धोरण आणलं.

उदंचन म्हणजे काय?

दोन तलाव, एक डोंगरावर आणि एक खाली. जादा विजेवर खालचं पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. १०० युनिट घातले तर साधारण ७५ ते ८० युनिट परत मिळतात. अकोले आणि शहापूर तालुक्यांच्या हद्दीवरचा २५० मेगावॅटचा घाटघर प्रकल्प असाच चालतो. २०२३ मध्ये राज्याने एनएचपीसीसोबत ७,३५० मेगावॅटचा करार केला. त्यात काळू, सावित्री, जालोंद आणि केंगाडी ही ठिकाणं आहेत.

हे सगळं सह्याद्रीकडे का? ४०० मीटर उंचीवरून हजार लिटर पाणी सोडलं तर जेमतेम एक युनिट वीज होते. उंची ४० मीटर असेल तर त्याच एका युनिटला दहा हजार लिटर लागतात. आपल्या सपाट मुलखात एवढा उतार नाही आणि पाण्याची ओढ कायमची. शेजारी पैठणला जायकवाडीवर १२ मेगावॅटचा असा उलटसुलट चालणारा संच आहे, पण तो आकाराने लहान.

आपल्याकडे बॅटरीच

जालन्यासारख्या जिल्ह्यात साठवण होईल ती मुख्यतः उपकेंद्राजवळच्या बॅटऱ्यांत. केंद्रीय वीज प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सल्ला दिला की, नव्या सौर निविदांमध्ये प्रकल्पाच्या किमान १० टक्के क्षमतेची, दोन तास पुरेल अशी साठवण असावी. म्हणजे ५ मेगावॅटच्या प्रकल्पाला १,००० युनिटची बॅटरी. त्यावर पाच एचपीच्या सव्वाशेच्या आसपास मोटारी दोन तास चालतील. आधार आहे, पण अख्खी रात्र निघणार नाही.

शहरातल्या स्टील कारखान्यांनाही हा विषय लागू पडतो. भट्ट्या रात्रंदिवस चालतात आणि केंद्राच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे उद्योगांना जास्त मागणीच्या वेळेतली वीज किमान २० टक्के महाग आहे. शेतीला हे वेळेनुसार दर लागू नाहीत.

शेतकऱ्याने काय बघावं?

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. हा पंप उन्हावरच चालतो, म्हणून साठवण पाण्याची करावी. दिवसा शेततळं किंवा उंचावरची टाकी भरून घ्यायची. टाकी उंचावर असली तर संध्याकाळी ठिबकला मोटारीची गरज राहत नाही.

सौर वाहिनीला जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. सही करण्याआधी करारात पुढे बॅटरी बसवण्याचा उल्लेख आहे का, त्यासाठी वेगळी जागा लागली तर भाडं कसं ठरेल आणि आगीपासून बचावाची जबाबदारी कुणाची, हे वाचून घ्या.

ग्रामसभेत प्रकल्पाचा विषय आला की नुसते मेगावॅट विचारू नका. साठवण किती युनिटची आहे आणि ती वीज संध्याकाळी कोणत्या फीडरला मिळणार, हे विचारा. उत्तर लेखी घ्या.