विकारविलसित

विकारविलसित हे गोपाळ गणेश आगरकर यांनी केलेले विल्यम शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' या शोकांतिकेचे मराठी भाषांतर आहे. ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. साताऱ्याच्या शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांच्या चंद्रसेनाच्या, म्हणजेच हॅम्लेटच्या, भूमिकेमुळे ते महाराष्ट्रभर गाजले. इंग्रजी शिक्षणाबरोबर शाळा-महाविद्यालयांत आलेला एक अभ्यासग्रंथ मराठी प्रेक्षकांचे नाटक कसा झाला, याचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते.

नाव

'विकार' म्हणजे मनोविकार आणि 'विलसित' म्हणजे खेळ किंवा लीला. मनोविकारांचा खेळ असा शीर्षकाचा अर्थ होतो. मूळ नाटकाला नायकाचे नाव आहे, तर भाषांतराला नाटकाच्या विषयाचे. शोक, संशय, सूड, मत्सर व पश्चात्ताप हे विकार निरनिराळ्या पात्रांत कसे काम करतात याकडे हे शीर्षक वाचकाचे लक्ष आरंभीच वळवते.

पार्श्वभूमी

मराठी रंगभूमीचा आरंभ सांगली येथे झाला. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग केला. भाव्यांच्या पौराणिक नाटकांत सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे प्रसंगाला अनुसरून आपली भाषणे स्वतः जुळवीत. संपूर्ण लिखित संहिता, तिच्यातील प्रवेशांची बांधणी आणि प्रत्येक पात्राची ठरलेली वाक्ये या गोष्टी पुढील काळात रूढ झाल्या.

संस्कृत नाटकांची भाषांतरे आणि इंग्रजी शिक्षणातून झालेला शेक्सपिअरचा परिचय ही या बदलाची दोन प्रमुख कारणे होत. महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ मध्ये 'ऑथेल्लो'चे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यानंतर शेक्सपिअरच्या नाटकांची अनेक भाषांतरे व रूपांतरे झाली. ती करणाऱ्यांमध्ये शिक्षक व प्राध्यापकांचा मोठा भरणा होता.

लेखक

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. अत्यंत गरिबीत शिक्षण पूर्ण करून त्यांनी एम.ए. पदवी मिळवली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून दाखल झाले. ही शाळा विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी सुरू केली होती. आगरकर १८८१ पासून 'केसरी'चे संपादक होते. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होतो. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' हे पत्र काढले. १८९२ पासून १७ जून १८९५ रोजी मृत्यू होईपर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

डोंगरीचा तुरुंग

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात असल्याच्या वार्तांवरून 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली होती. त्यावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. ती त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात भोगली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस तुरुंगात होते. या अनुभवावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे कामही त्यांनी याच तुरुंगवासात केले.

वेडा ठरवलेला राजपुत्र, सत्ता हाती असलेले कारभारी आणि दरबारातील हेरगिरी हे 'हॅम्लेट'चे विषय आहेत. ज्या प्रकरणामुळे भाषांतरकार तुरुंगात गेला त्याच्याशी त्यांचे असलेले साम्य वाचकाच्या सहज लक्षात येते. चौथे शिवाजी यांचा डिसेंबर १८८३ मध्ये, म्हणजे भाषांतर प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, अहमदनगर येथे मृत्यू झाला.

कथानक

नाटकाचे कथानक पाच अंकांत विभागलेले आहे. भाषांतरात पात्रांना भारतीय नावे दिलेली आहेत. पुढील सारांशात नायकाखेरीज इतर पात्रांचा निर्देश मूळ नावांनी केला आहे.

पहिला अंक: राजाच्या आकस्मिक मृत्यूनंतर त्याचा भाऊ क्लॉडिअस गादीवर बसला आहे आणि त्याने विधवा राणी गर्ट्रूड हिच्याशी विवाह केला आहे. राजपुत्र चंद्रसेन शोकात आहे. रात्री किल्ल्याच्या तटावर त्याला पित्याचे पिशाच भेटते. आपण सर्पदंशाने मेलो ही समजूत खोटी असून, झोपेत असताना भावाने कानात विष ओतून आपला खून केला, असे ते सांगते आणि सूड घेण्याची आज्ञा करते.

दुसरा अंक: चंद्रसेन वेडाचे सोंग घेतो. या वेडाचे कारण प्रेम आहे, असे प्रधान पोलोनिअसला वाटते, कारण त्याची मुलगी ऑफेलिया हिच्यावर राजपुत्राचे मन जडलेले असते. राजा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी त्याचे दोन जुने सोबती बोलावतो. याच सुमारास नटांची एक मंडळी राजवाड्यात येते.

तिसरा अंक: पिशाचाचे बोलणे खरे की खोटे हे ठरवण्यासाठी चंद्रसेन नटांकरवी खुनाच्या प्रसंगासारखाच प्रसंग राजापुढे करवतो. राजा अस्वस्थ होऊन उठून जातो आणि त्याचा अपराध सिद्ध होतो. प्रार्थना करणाऱ्या राजाला मारण्याची संधी चंद्रसेनाला मिळते. परंतु प्रार्थनेच्या क्षणी मेल्यास त्याला सद्गती मिळेल, या विचाराने तो ती सोडतो. त्यानंतर आईच्या महालात पडद्याआड लपलेल्या पोलोनिअसला तो राजा समजून ठार करतो.

चौथा अंक: चंद्रसेनाला परदेशी पाठवून तेथे त्याचा वध करवण्याचा बेत राजा रचतो, पण तो फसतो. पित्याच्या मृत्यूने ऑफेलियाला वेड लागते आणि ती पाण्यात बुडून मरते. तिचा भाऊ लेअर्टिस सूड घेण्यासाठी परततो आणि राजाच्या कारस्थानात सामील होतो.

पाचवा अंक: स्मशानात थडगे खणणाऱ्यांशी चंद्रसेनाचा मृत्यूविषयी संवाद होतो. त्यानंतर ठरलेल्या तलवारीच्या सामन्यात लेअर्टिसची तलवार विषारी असते आणि पेल्यातही विष कालवलेले असते. राणी नकळत ते विष पिते. लेअर्टिस व चंद्रसेन एकाच तलवारीने जखमी होतात. लेअर्टिस मरताना कपट उघड करतो, चंद्रसेन राजाला ठार करतो आणि स्वतःही मरतो. ही हकिकत जगाला सांगण्यासाठी त्याचा मित्र होरेशिओ मागे राहतो.

पात्रे

चंद्रसेन: विद्याव्यासंगी व संवेदनशील राजपुत्र. सूड घेण्यास होणारा त्याचा विलंब हा नाटकाचा कणा आहे. हा विलंब भित्रेपणाचा, अतिविचाराचा की पुराव्यावाचून शिक्षा न देण्याच्या विवेकाचा, याविषयी टीकाकारांत दीर्घकाळ मतभेद आहेत. मात्र पोलोनिअसचा वध तो क्षणाचाही विचार न करता करतो, त्यामुळे केवळ 'निष्क्रिय' हे वर्णन त्याला पुरत नाही.

क्लॉडिअस: खुनी, परंतु कुशल राज्यकर्ता. प्रार्थनेच्या प्रवेशात त्याला पापाची जाणीव असल्याचे दिसते. पापाने मिळालेले राज्य व राणी सोडवत नसल्याने त्याचा पश्चात्ताप अपुरा राहतो. या प्रवेशामुळे तो पौराणिक नाटकांतील राक्षस पात्रांहून वेगळा ठरतो.

गर्ट्रूड: नायकाची आई. खुनात तिचा हात असल्याचे नाटकात कोठेही सिद्ध होत नाही.

ऑफेलिया: पिता, भाऊ व प्रियकर या तिघांच्या आज्ञांमध्ये सापडलेली तरुणी. चंद्रसेनाचे वेड हे सोंग आहे आणि तिचे वेड खरे आहे. हा विरोध नाटकात मुद्दाम योजलेला आहे.

पोलोनिअस: उपदेशप्रिय व कावेबाज प्रधान. विनोद आणि हेरगिरी या दोन्ही गोष्टी या पात्राकडे आहेत.

लेअर्टिस: चंद्रसेनाप्रमाणेच पित्याच्या वधाचा सूड घेऊ पाहणारा तरुण. तो विचार न करता कृती करतो आणि म्हणूनच राजाच्या हातचे बाहुले बनतो. नायकाचा स्वभाव त्याच्याशी तुलना केल्याने अधिक स्पष्ट होतो.

होरेशिओ: नायकाचा एकनिष्ठ मित्र. कारस्थानांनी भरलेल्या दरबारात विश्वास ठेवावा असे हे एकमेव पात्र आहे.

पुनर्विवाहाचा प्रश्न

राणीचा दुसरा विवाह हा कथानकातील संघर्षाचा एक आधार आहे. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता देणारा अधिनियम १८५६ साली झाला असला, तरी १८८० च्या दशकात महाराष्ट्रातील उच्चवर्णीय समाजात असा विवाह करणाऱ्यांवर बहिष्कार पडत असे. आगरकर स्वतः विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते होते. चंद्रसेनाचा आईवरील राग वरवर वाचल्यास पुनर्विवाहाच्या निषेधासारखा भासू शकतो. मात्र नाटकातील आक्षेप पतीच्या मृत्यूनंतर अल्पावधीत, त्याच्याच भावाशी झालेल्या विवाहाला आहे. शिवाय तो भाऊ खुनी असल्याचे राणीला ठाऊक नसते. एखाद्या पात्राचे मत आणि लेखकाचे मत वेगळे ओळखण्याची गरज या नाटकाच्या अभ्यासात येथे सर्वाधिक जाणवते.

रंगभूमीवर

सातारा शहराचे 'शाहूनगर' हे नाव छत्रपती शाहू महाराजांवरून आले आहे. त्यावरूनच येथील नाटक मंडळीने 'शाहूनगरवासी' हे नाव घेतले. संगीत नाटकांची चलती असलेल्या काळात या मंडळीने गद्य नाटकांवर नाव मिळवले. गणपतराव जोशी (१८६७-१९२२) हे तिचे प्रमुख नट होते. स्त्रीभूमिका करणारे बाळाभाऊ जोग यांच्याबरोबरची त्यांची जोडी विशेष प्रसिद्ध होती. इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकांनाही हॅम्लेटचे अंतर्द्वंद्व गणपतरावांच्या वाणीतून व मुद्राभिनयातून कळले. त्यांच्यामुळे चंद्रसेन ही भूमिका मराठी गद्य नटांच्या कर्तृत्वाची कसोटी समजली जाऊ लागली. 'त्राटिका', 'मानाजीराव' व 'झुंझारराव' ही शेक्सपिअरवर आधारलेली नाटकेही या मंडळीने केली.

'झुंझारराव'शी तुलना

सांगलीजवळील हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) यांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' (१८९०) हे रूपांतर केले. त्यात ऑथेल्लोचा झुंझारराव, डेस्डेमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव झाला. देवल हे बेळगाव येथे काही काळ शिक्षक होते आणि पुढे नाट्यशिक्षक म्हणूनही त्यांचा लौकिक झाला.

दोन्ही नाटके शोकान्त आहेत आणि दोन्हींत संशय हा प्रधान विकार आहे. फरक त्याच्या दिशेत आहे. चंद्रसेन खऱ्या गोष्टीवरही पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाही, तर झुंझारराव खोट्या पुराव्यावर चटकन विश्वास ठेवतो. पहिल्याचा नाश विलंबाशी व दुसऱ्याचा घाईशी जोडलेला आहे. नटांचा प्रयोग हा चंद्रसेनाने सत्य तपासण्यासाठी योजलेला उपाय आहे. 'ऑथेल्लो'तील हातरुमाल मात्र असत्य खरे भासवण्यासाठी वापरलेले साधन आहे. शुभ शेवटाचा संकेत पाळणाऱ्या संस्कृत नाट्यपरंपरेत वाढलेल्या वाचकांना व प्रेक्षकांना या दोन कृतींनी शोकांतिकेची ओळख करून दिली.

शिक्षणातील स्थान

विद्यापीठीय शिक्षणात शेक्सपिअरची नाटके प्रारंभापासून नेमली जात. त्यांच्या अध्यापनात कथानकाचा सारांश, पात्रांचे स्वभावचित्रण व अवतरणांचे स्पष्टीकरण या गोष्टींवर भर असे. मराठी नाट्यसमीक्षेत पुढे रूढ झालेली 'कथानक', 'स्वभावरेखाटन', 'संघर्ष' व 'स्वगत' ही परिभाषा या अभ्यासपद्धतीच्या प्रभावाखाली घडली. सांगलीचेच नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' या नाटकावर 'हॅम्लेट' व 'ऑथेल्लो' यांची छाया दिसते. त्यातील माधवराव हॅम्लेटची, तर केशवशास्त्री इयागोची आठवण करून देतो.

आगरकरांनी ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत भाग घेतला तिनेच १९१९ मध्ये सांगली येथे विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. साताऱ्यातील न्यू इंग्लिश स्कूल हीदेखील याच सोसायटीची शाळा आहे.

वारसा

विसाव्या शतकात नाना जोग यांनी 'हॅम्लेट'चे नवे मराठी भाषांतर केले. त्यावर आधारित, चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित व सुमीत राघवन यांची प्रमुख भूमिका असलेला प्रयोग २०१८ मध्ये रंगभूमीवर आला. वि.वा. शिरवाडकर यांनी 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' हे नाटक लिहिले. त्यांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकात 'किंग लिअर'चे पडसाद आहेत आणि त्याचा नायक शेक्सपिअरच्या भूमिका गाजवलेला वृद्ध नट आहे. अशा नटांची परंपरा मराठी रंगभूमीवर रुजवण्यात विकारविलसितच्या प्रयोगांचा मोठा वाटा आहे.