पदं उरली, बोलणं विरलं

'स्कायरिम' (२०११) खेळताना तुम्ही मनाशी ठरवता, 'माझं पात्र चोरी करणार नाही.' हा नियम गेमचा नसतो, तुमचा असतो.

आता १८४३ ची सांगली बघा. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे 'सीता स्वयंवर' रंगवतात. पदं सूत्रधार म्हणतो. गद्य भाषणं मात्र नट पात्रात शिरून आयत्या वेळी स्वतःच रचतात. रोलप्लेच की हा!

अभ्यासकाची अडचण इथेच आहे. भाव्यांची पदं पुढे छापली गेली, नटांचं बोलणं हवेत विरलं. सेव्ह फाइलचंही तेच. त्यात पात्राचं सामान सापडतं, चोरी का टाळली ते नाही. म्हणून खेळाडूंवर संशोधन करणार असाल तर खेळ चालू असतानाच विचारा, आणि लगेच लिहून ठेवा.