रक्तदाबाची मोजणी : शहरातून खेड्याकडे

धाराशिव जिल्ह्याचा इतिहास लिहावयाचा म्हटले की लेखणी आपसूक तेरच्या उत्खननाकडे, नळदुर्ग-परंड्याच्या तटबंदीकडे, शहरालगतच्या लेण्यांकडे आणि कुंथलगिरीकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु माणसे कशाने गेली आणि कशामुळे वाचली, यालाही एक इतिहास असतो आणि तो शिलालेखांत सापडत नाही. उच्च रक्तदाबाचा असा इतिहास येथे मांडण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु कितीएक घरांतील कर्ता पुरुष दुकानाच्या गादीवरच कोसळला, याचे स्मरण ज्येष्ठ वाचकांनी केले तर तसे वाटणार नाही.

आपल्याकडील वैद्य आणि हकीम नाडी पाहत. नाडीच्या गतीवरून, तिच्या ताणावरून ते पुष्कळ काही ताडत. मात्र रक्ताचा दाब आकड्यात सांगण्याचे साधन जगात कोठेच नव्हते. इटलीतील रीव्हा-रोची यांनी १८९६ साली दंडाभोवती फुगवावयाचा पट्टा व पाऱ्याची नळी यांची जोडणी केली. पुढे १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली कान देऊन वरचा व खालचा असे दोन्ही आकडे कसे ओळखावेत ते दाखविले. आजही डॉक्टर दंडाला पट्टा बांधून स्टेथॉस्कोप लावतात तेव्हा तीच रीत चालू असते.

आकडा मिळाला, पण त्याचे करावयाचे काय, हे पुढील चाळीस वर्षे कोणास नीट ठाऊक नव्हते. वय वाढले की दाब वाढणारच, तो कमी केल्यास उलट अपाय होईल, असे मोठमोठ्या डॉक्टरांचेही मत होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली राष्ट्राच्या प्रमुखास देण्याजोगे खात्रीचे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते. आपल्याकडे महात्मा गांधींच्या प्रकृतीच्या नोंदी २०१९ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केल्या. त्यांत १९३७ साली १९४/१३० व १९४० साली २२०/११० असे आकडे आढळतात. देहाने कृश, आहाराने मितभोजी आणि नित्य मैलोगणती चालणाऱ्या पुरुषाची ही स्थिती! ‘आम्ही सात्त्विक आहार घेतो, आम्हांस कसला रक्तदाब?’ असे म्हणणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी ही नोंद अवश्य ध्यानी घ्यावी.

औषधाच्या शोधात महाराष्ट्राचा वाटा फार मोलाचा आहे. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आपल्या देशात पूर्वापार होत आला. कलकत्त्याच्या सेन व बोस या डॉक्टरांनी १९३१ साली ती रक्तदाबावर गुणकारी असल्याचे लिहिले, परंतु देशाबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर या मुळीचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष एका भारतीय वनस्पतीकडे वळले. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली तिच्यातून रेझर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला. पुढे या औषधाने काही रुग्णांना उदासीनता येते असे दिसून आले, अधिक सोयीची औषधे निघाली आणि ते मागे पडले. तथापि उच्च रक्तदाबावर गोळीने उपचार करता येतो, हा विश्वास जगाला देण्यात मुंबईच्या एका डॉक्टराचा हात होता.

त्या विश्वासास पक्का पुरावा मिळावयास १९६७ साल उजाडले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींस खरी गोळी व काहींस बिनऔषधाची गोळी देण्यात आली. बिनऔषधाच्या गटात २७ जणांना गंभीर आघात झाले. खरी गोळी घेणाऱ्यांत अवघ्या दोघांना. कोणतेही दुखणे जाणवत नसताना रोज गोळी का घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. भोर समितीच्या १९४६ च्या शिफारशींनुसार देशात १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. त्यांच्यापुढे हिवताप, देवी, क्षय, बाळंतपण अशी कामे होती. रक्तदाब हा शहरातील श्रीमंतांचा आजार, खेड्यातील कष्टकऱ्यास तो होत नाही, अशी समजूत सरकारात होती आणि आपल्यातही होती. कोणास अर्धांगवायू झाला की बैलगाडीतून, पुढे जीपमधून बार्शी वा सोलापूर गाठावयाचे. बहुधा तेव्हा वेळ टळून गेलेली असे.

ही समजूत किती चुकीची होती, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतील डॉ. योगेश्वर काळकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूचा झटका हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. सुमारे सातांतील एक मृत्यू त्याने झालेला होता. ही माणसे गादीवर बसणारी नव्हती, भातशेतीत राबणारी होती.

मग हा पट्टा खेड्यात न्यावयाचा कोणी? याचे एक उत्तर आपल्या शेजारीच सापडते. कुंथलगिरीपासून फार दूर नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली कार्य आरंभिले आणि अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना ग्रामआरोग्यसेविका म्हणून घडविले. त्यांच्या हाती रक्तदाबाचे यंत्रही आले. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी १९९३ साली हॅलो मेडिकल फाउंडेशन स्थापिले. सास्तूर-किल्लारीचा भूकंप झाला तेच हे वर्ष. त्यांच्या ‘भारतवैद्य’ योजनेत गावातील स्त्रीलाच गावाच्या प्राथमिक उपचारांचे शिक्षण मिळाले. पुढे सरकारी योजनेत आशा कार्यकर्ती आली आणि २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीचे धोरण ठरले. त्याच वर्षी नीती आयोगाने आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातला. नाव गौरवाचे असले तरी अर्थ मागासलेपणाचाच आहे.

अलीकडील संशोधनाचा रोख औषधावर कमी आणि रुग्ण परत येतो की नाही यावर अधिक आहे. केंद्र सरकार, आयुर्विज्ञान परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ च्या नोव्हेंबरात पाच राज्यांतील पंचवीस जिल्ह्यांत एक उपक्रम सुरू केला; महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे त्यांत होते. योजना साधी होती: ठरावीक स्वस्त गोळ्या, एका वेळी महिन्याभराच्या, प्रत्येकाचे स्वतंत्र कार्ड, आणि ठरल्या दिवशी जो आला नाही त्यास फोन. २०२२ साली या कार्याचा संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर गौरव झाला. औषध नवे नव्हते; नवी होती ती न आलेल्या माणसाची यादी.

येथे आपल्या समाजाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे असे सांगते. रविवारी मीठ वर्ज्य करणारी व्रतस्थ मंडळी आपल्यात आहेत, रसपरित्यागात मिठाची गणना आहे. पण त्याच घरांत उरलेले सहा दिवस पापड, सांडगे आणि लोणच्यांनी ताट भरलेले असते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यास रात्रीची गोळी लिहून दिली तर ती घेतली जात नाही, आणि रुग्ण संकोचाने डॉक्टरांना तसे सांगतही नाही. पुष्कळ गोळ्या दिवसातून एकदा, सकाळी घेण्याजोग्या असतात. केवळ विचारावयाचे असते. पर्युषणातील उपवासांत, विशेषतः निर्जळ उपवासात, लघवी वाढविणारी गोळी अपायकारक ठरू शकते. तेव्हा व्रतापूर्वीच डॉक्टरांशी बोलणे हे व्रतास बाधक नाही.

प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत आरोग्य शिबिरांच्या वह्या लिहिल्या आहेत. नाव, वय, गाव, वरचा आकडा, खालचा आकडा. सायंकाळी एकूण संख्या मोजून वृत्तपत्रास कळवीत असू. एका वर्षी १९०/११० आकड्याचे एक गृहस्थ ‘मला काहीच होत नाही’ म्हणत हसतमुखाने घरी गेले. पुढील वर्षी ते आले नाहीत. त्यांच्याकडे कोणी गेले होते काय, हे पाहण्यासाठी मी जुनी वही उघडली, तेव्हा ध्यानात आले की दुसऱ्या मोजणीसाठी आम्ही रकानाच आखलेला नव्हता. यंदाच्या वहीत तो आखला आहे, आणि त्याशेजारी दूरध्वनी क्रमांकाचाही.