विमान दारात का आलं नाही?

मोटार सामान्य माणसाच्या दारात आली, मग छोटं विमान का आलं नाही? ते महाग होतं म्हणून, हे उत्तर मला अपुरं वाटतं.

१९४० च्या आसपास अमेरिकेत 'पायपर कब' हे दोन आसनी विमान दीड हजार डॉलरच्या आत मिळत असे. म्हणजे जवळपास दोन मोटारींच्या किमतीत. महायुद्ध संपलं, हजारो वैमानिक घरी परतले आणि आता घरोघरी विमान येणार अशी हवा तयार झाली. १९४६ साली तिथल्या कारखान्यांनी तेहतीस हजारांहून अधिक नागरी विमानं बांधली. पुढच्याच वर्षी हा आकडा निम्म्याच्याही खाली आला.

घोडं अडलं ते व्यवहारात. कबचा नेहमीचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आत. समोरून वारा आला की खालच्या रस्त्यावरची मोटारही बरोबरीनं धावणार. धुकं, पाऊस असेल तर उड्डाण रद्द. शिवाय विमान उतरणार गावाबाहेरच्या धावपट्टीवर, तिथून पुढे वाहन लागणारच.

दुसरी गोष्ट ठरावीक खर्चाची. हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी हे विमान उभं असलं तरी चुकत नाही. समजा, हा खर्च वर्षाला १२,००० डॉलर आहे. ५० तास उडवलं तर तासाला २४० डॉलर पडतात, २०० तास उडवलं तर फक्त ६०. इंधन वेगळंच. पण नोकरी-धंदा सांभाळून वर्षाला २०० तास उडणार कोण?

पुढे अपघातांच्या दाव्यांचा बोजा उत्पादकांवर वाढला. सेस्ना कंपनीनं १९८६ मध्ये आपलं लोकप्रिय १७२ हे विमान बनवणं थांबवलं. १९९४ च्या कायद्यानं अठरा वर्षांहून जुन्या छोट्या विमानांबाबतचे बहुतेक दावे बंद झाले, तेव्हा कुठे १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं. किमती मात्र खाली आल्या नाहीत.

यावरचा तोडगा मला जुन्या फ्लाइंग क्लबांमध्ये दिसतो. मुंबईचा क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. एक विमान अनेकांनी वापरलं की ठरावीक खर्च वाटला जातो आणि विमानही गंजत पडत नाही. उडण्याची हौस एकट्याची असू शकते, तिचा जमाखर्च मात्र चारचौघांतच जुळतो.