कंडूवर किरणांचा उपाय

खाजेला आमच्या लोकव्यवहारांत दुखण्याचा मान नाहीं. तिची थट्टाच अधिक होते. परंतु मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्यास रात्र रात्र झोंप न येऊं देणारी कंडू ज्यांनीं घरांत पाहिली, ते हंसणार नाहींत.

डेन्मार्कमध्यें डॉ. नील्स फिन्सेन यांनीं त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशकिरणांचा उपचार सिद्ध केला व १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. स्वतः दीर्घकाळ आजारी असलेले हे गृहस्थ १९०४ मध्यें, वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षीं निवर्तले. पुढें क्षयावर गुणकारी औषधें निघालीं आणि त्यांचे दिवे मालवले. विचार मात्र मालवला नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेंत बार्बरा गिलख्रेस्ट व त्यांचे सहकारी यांनीं मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या कंडूवर जंबुपार किरण योजिले, आणि पुष्कळांस आराम पडला. नवल असें कीं, निम्म्याच अंगावर किरण पाडले तरी खाज साऱ्या अंगाची शमली! तेव्हां किरणांचें कार्य त्या जागच्या कातडीपुरतेंच नाहीं, असें मानावें लागलें.

मात्र हे किरण वैद्याच्या देखरेखीखालीं मोजूनच घ्यावयाचे. अतिरेकानें त्वचा भाजते. सूर्याजवळ आरोग्य मागण्याची आमची रीत जुनी आहे. तिला मोजमापाची जोड मिळाली, तेव्हांच तो उपचार झाला.